क्लाऊनफिशची पिल्ले घरच्या टाकीत वाढवताना

गोड्या पाण्यातला गप्पी किंवा मॉली घरच्या टाकीत पिल्ले देतो, तेव्हा पाळणाऱ्याला फारसे काही करावे लागत नाही. पिल्ले जन्मल्याबरोबर पोहतात, चिमूटभर बारीक कुटलेले खाद्य खातात आणि थोडा आडोसा मिळाला की जगतात. समुद्री माशांचे तसे नाही. त्यांच्या अंड्यांतून बहुधा काही मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा आरपार दिसणारा, अजून पुरता घडलेला नसलेला जीव बाहेर येतो. कोरडे खाद्य हे अन्न आहे हे त्याला कळत नाही. समोर हालचाल करणारे, तोंडात मावेल इतके बारीक आणि जिवंत भक्ष्यच तो टिपतो. समुद्रात असे भक्ष्य प्लवकांच्या रूपाने सर्वत्र तरंगत असते. घरच्या टाकीत ते पिकवावे लागते. त्यामुळे या कामात माशांपेक्षा माशांच्या अन्नावर जास्त वेळ आणि जास्त लक्ष खर्च होते.

घरी हे काम शिकायला सगळ्यांत योग्य मासा म्हणजे क्लाऊनफिश. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण पाण्यात, समुद्रफुलांच्या आश्रयाने राहणाऱ्या या माशांच्या सुमारे तीस जाती आहेत. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेल्या ऑसेलारिस आणि परक्युला या जाती हौशी पाळणाऱ्यांकडे अधिक दिसतात. त्यांची अंडी एखाद्या कठीण पृष्ठभागाला चिकटलेली असतात, नर त्यांची राखण करतो, आणि बाहेर पडणारे पिल्लू इतर अनेक प्रवाळवासी माशांच्या पिल्लांपेक्षा मोठे व बळकट असते. अमेरिकेत मार्टिन मो यांनी फ्लोरिडामध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला क्लाऊनफिशची व्यापारी पैदास करून दाखवली. २००३ साली ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट आला आणि हा मासा जगभरातल्या मुलांच्या ओळखीचा झाला. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि परंगीपेट्टई येथील अण्णामलाई विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र केंद्र यांनी क्लाऊनफिशच्या पैदाशीचे तंत्र बसवले. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या सहकार्याने ऐरोलीला शोभिवंत सागरी माशांचे पैदास केंद्र उभारले आहे. प्रयोगशाळेत आणि घरात तत्त्व एकच असते. घरी जागा, हात आणि वेळ मात्र कमी असतो.

जोडी

क्लाऊनफिशमध्ये नर आणि मादी जन्मतः ठरलेले नसतात. गटातला सर्वांत मोठा आणि सर्वांवर हुकमत चालवणारा मासा मादी होतो, त्याच्या खालचा नर होतो आणि बाकीचे लहानच राहतात. मादी मेली तर नराची मादी होते. मादीचा पुन्हा नर मात्र होत नाही. म्हणून जोडी लावण्यासाठी एक थोडा मोठा आणि एक लहान असे दोन तरुण मासे एकत्र ठेवणे पुरते. सुरुवातीला मोठा मासा लहानाला हुसकावतो. लहान मासा त्याच्यासमोर अंग तिरके करून थरथरू लागला, की त्याने दुय्यम जागा मान्य केली असे समजावे. पंख फाटेपर्यंत भांडण गेले, तर ती जोडी जमणार नाही.

जोडी जमल्यापासून पहिली अंडी येईपर्यंत काही महिने, कधी वर्षाहूनही जास्त काळ जातो. या काळात पाळणाऱ्याने फक्त स्थैर्य सांभाळायचे असते. सुमारे शंभर लिटरची टाकी, २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमान, रोज ठरलेल्या वेळी लागणारा आणि ठरलेल्या वेळी विझणारा दिवा, पाण्याची न बदलणारी क्षारता. पाणी आरओचे घेऊन त्यात समुद्री मीठ मिसळतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि शहराजवळच्या किनाऱ्याचे पाणी दोन्ही टाळलेले बरे. उन्हाळ्यात तापमान ३० अंशांच्या वर जाऊ लागले, तर टाकीवर पंखा सोडावा लागतो किंवा चिलर बसवावा लागतो.

समुद्रफूल ठेवणे आवश्यक नाही. त्याला तीव्र प्रकाश आणि अतिशय स्थिर पाणी लागते, आणि ते मेले तर सगळी टाकी बिघडते. त्याऐवजी न रंगवलेले मातीचे कौल काचेला टेकवून ठेवावे किंवा लहान कुंडी आडवी ठेवावी. मासे काचेवर किंवा मोठ्या दगडावर अंडी घालू लागले, तर ती हलवता येत नाहीत. कौल हलवता येते, आणि पुढच्या सगळ्या कामाला त्याचा उपयोग होतो.

जोडीचा आहार मात्र उंची हवा. बारीक चिरलेली कच्ची कोळंबी, माकुल, शिंपल्यांचे मांस आणि चांगल्या प्रतीचे दाणेदार खाद्य दिवसातून दोन-तीनदा, थोडे थोडे द्यावे. मादीच्या पोटात गेलेली स्निग्धाम्लेच अंड्याच्या बलकात उतरतात, आणि पिल्लाचे पहिले काही तास त्याच बलकावर निघतात. एकाच प्रकारच्या कोरड्या खाद्यावर ठेवलेल्या जोडीची अंडी उबली, तरी पिल्ले दुबळी निघतात.

अन्नाची साखळी

अंडी दिसल्यावर अन्नाची जमवाजमव सुरू करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. अंडी आठवड्याभरात उबतात आणि पिल्लांना पुढच्या सकाळी खायला लागते. तेवढ्या अवधीत शून्यातून अन्न उभे राहत नाही. म्हणून जोडी कौल घासताना दिसण्याआधीच घरात हिरवे पाणी आणि रोटिफर यांची संवर्धने सुरळीत चालू असावी लागतात.

साखळीची पहिली कडी म्हणजे सूक्ष्म शैवाल. नॅनोक्लोरॉप्सिस हे सर्वांत चिवट आणि सोयीचे. त्याची पेशी दोन ते चार मायक्रॉनची असते. उकळून थंड केलेल्या खाऱ्या पाण्यात ठरावीक खत घालून त्यात थोडे तयार शैवाल टाकतात, हवा सोडतात आणि बाटल्या दिव्यासमोर ठेवतात. सात ते दहा दिवसांत पाणी फिकट हिरव्यापासून गडद हिरवे होते. मग अर्धे वापरायला काढायचे आणि अर्ध्यात नवे पाणी व खत घालायचे. आयसोक्रायसिस हे सोनेरी तपकिरी शैवाल सांभाळायला अधिक नाजूक, पण त्यात डीएचए हे स्निग्धाम्ल भरपूर असते. नॅनोक्लोरॉप्सिसमध्ये ईपीए हे दुसरे स्निग्धाम्ल अधिक असते. दोन्हींचे मिश्रण मिळाले तर उत्तम. शैवाल वाढवायला सवड नसेल, तर शैवालाची तयार दाट पेस्ट विकत मिळते आणि ती फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते. बरेच जण आता तिच्यावरच काम चालवतात.

दुसरी कडी रोटिफर. ब्रॅकिओनस वंशातला हा प्राणी साधारण दीडशे ते तीनशे मायक्रॉनचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना पाण्यातला हलणारा पांढरा ठिपका. डोक्यावरच्या केसांच्या वलयाने तो पाणी ओढून घेतो आणि त्यातले शैवाल गाळून खातो. परिस्थिती चांगली असेल तर माद्या नराशिवायच अंडी घालतात आणि दिवसा-दोन दिवसांत संख्या दुप्पट होते. पाच ते वीस लिटरची स्वच्छ बादली, समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडे कमी खारे पाणी, २५ ते २८ अंश तापमान आणि मोठ्या बुडबुड्यांची संथ हवा एवढे त्याला पुरते. फार बारीक बुडबुड्यांत रोटिफर अडकून वर फेसात जातात, म्हणून एअर स्टोन काढून नुसती नळी सोडतात.

बादलीची तब्येत रोज पाहावी लागते. खाऊ घातलेले हिरवे पाणी निवळले, की पुन्हा खायला देण्याची वेळ झाली. रोज पाव हिस्सा पाणी अतिशय बारीक, ५३ मायक्रॉनच्या जाळीतून गाळून रोटिफर काढतात आणि तेवढेच नवे पाणी घालतात. काढणी थांबवली तर गर्दी होते, अमोनिया साठतो आणि बादली एका रात्रीत बसते. ड्रॉपरमध्ये थोडे पाणी घेऊन उजेडासमोर धरले की अंदाज येतो. भिंगाखाली किंवा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली माद्यांच्या मागे अंडी लटकलेली दिसली, तर संवर्धन जोमात आहे. अंडी दिसेनाशी झाली, पाण्यावर चिकट फेस आला, वास बदलला किंवा रोटिफर तळाशी बसू लागले, तर संकट जवळ आहे. म्हणून रोटिफरची दुसरी लहान बादली घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात, वेगळ्या हवेच्या नळीवर चालू ठेवण्याचा शिरस्ता आहे.

स्वच्छतेचा एक नियम कधी मोडायचा नसतो. आधी शैवालाचे काम, मग रोटिफरचे. उलट कधीही नाही. रोटिफरच्या पाण्याने भिजलेला हात किंवा नळी शैवालाच्या बाटलीत गेली, की त्यातले दोन-चार रोटिफर काही दिवसांत सगळी हिरवी बाटली फस्त करतात. नळ्या, चमचे, गाळणी दोन्हींसाठी वेगळी आणि खूण केलेली हवीत.

तिसरी कडी आर्टेमिया. मिठागरांत आणि खाऱ्या तळ्यांत राहणाऱ्या या कवचधारी प्राण्याची सुप्त अंडी डब्यात बंद होऊन बाजारात येतात. खाऱ्या पाण्यात, जोरदार हवेत आणि २८ अंशांच्या आसपास ती सुमारे २४ तासांत फुटतात. रोटिफरच्या तुलनेत ही पिल्ले मोठी असतात, म्हणून त्यांची पाळी काही दिवसांनी येते.

अंडी

अंडी घालण्याच्या आधी काही दिवस नर आणि मादी दोघेही कौल तोंडाने घासू लागतात. मादीचे पोट फुगते आणि पोटाखाली पांढरट, आखूड अंडनलिका दिसू लागते. बहुधा दुपारनंतर मादी कौलाला पोट टेकवून संथपणे सरकते आणि तिच्यामागे नारिंगी अंड्यांची ओळ उमटत जाते. नर लगेच मागून येऊन ती फलित करतो. हे तास-दीड तास चालते. तरुण जोडी पहिल्या खेपांत शे-दोनशे अंडी घालते, मुरलेली जोडी कित्येक शेकडा. पहिल्या एक-दोन खेपांची अंडी मासे अनेकदा स्वतःच खाऊन टाकतात. त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. एकदा चक्र सुरू झाले, की साधारण दर दोन आठवड्यांनी अंडी येत राहतात.

अंडी लांबट कॅप्सूलसारखी, दोन-तीन मिलिमीटरची आणि एका टोकाने कौलाला चिकटलेली असतात. नराचे काम पाहत राहावे असे असते. तो छातीच्या पंखांनी अंड्यांवर सतत पाणी ढकलतो, मध्येच पुढे होऊन तोंडाने एकेक अंडे चाचपतो, आणि पांढरे पडलेले, मेलेले अंडे नेमके उचलून बाजूला करतो. बुरशी पसरू नये याची याहून चांगली व्यवस्था माणसाला करता येत नाही. म्हणून शेवटच्या संध्याकाळपर्यंत अंडी बापाजवळच राहू द्यावीत.

अंड्यांचा रंग दिवस सांगतो. पहिले दोन-तीन दिवस गर्द नारिंगी, मग तपकिरी झाक. पाचव्या दिवसाच्या सुमाराला डोळ्यांचे काळे ठिपके स्पष्ट दिसतात. सातव्या-आठव्या दिवशी डोळे चंदेरी चमकू लागले, की त्याच रात्री अंडी उबण्याची शक्यता मोठी असते. पाणी गार असेल तर एक-दोन दिवस जास्त लागतात.

उबवणीची रात्र

क्लाऊनफिशची पिल्ले दिवा विझल्यानंतर एक-दोन तासांत, पूर्ण काळोखात बाहेर पडतात. त्या संध्याकाळी पिल्लांची टाकी तयार लागते. वीस ते चाळीस लिटरची काचेची टाकी, चारही बाजूंनी काळा कागद लावलेली, आणि पाणी मोठ्या टाकीतलेच, म्हणजे तापमान आणि क्षारता जुळवण्याचा प्रश्न उरत नाही. काळ्या बाजूंचे कारण पिल्लांच्या स्वभावात आहे. ती उजेडाकडे ओढली जातात. काचेवर प्रकाशाचे प्रतिबिंब पडले तर त्यावर डोके आपटत राहतात आणि त्यातच थकून मरतात.

दिवा विझण्याच्या सुमाराला कौल पाण्याखालीच एखाद्या डब्यात घेऊन नव्या टाकीत आणतात आणि अंड्यांची बाजू थोडी खाली झुकेल असे तिरके उभे करतात. त्याच्या बुडाशी एअर स्टोन ठेवून बुडबुड्यांचा पडदा अंड्यांच्या अगदी जवळून वर जाईल असे जमवतात. नराच्या पंखांचे काम आता हवेने करायचे असते. बुडबुडे फार हळू असतील तर अंडी फुटत नाहीत, थेट अंड्यांवर आदळत असतील तर ती निखळतात. अंडी एकसारखी डुलत राहतील इतकाच जोर हवा. मग टाकी झाकून खोलीत पूर्ण अंधार करतात.

दोन तासांनी अगदी मंद टॉर्च क्षणभर लावून पाहिले, तर पाण्याच्या वरच्या थरात चांदीच्या कणांसारखे शेकडो डोळे हलताना दिसतात. शरीर जवळजवळ दिसतच नाही. कौल मोकळे झाले असेल तर ते काढून घेतात, हवा एकदम कमी करतात आणि टाकी सकाळपर्यंत तशीच राहू देतात. बरीचशी अंडी तशीच असतील, तर ती दुसऱ्या रात्रीसाठी ठेवतात.

कौल हलवणे शक्य नसेल तर दुसरा मार्ग आहे. मोठ्या टाकीचे पंप बंद करून अंधारात एका कोपऱ्यावर टॉर्च धरतात. पिल्ले उजेडाकडे गोळा होतात आणि त्यांना वाटीने पाण्यासकट उचलता येते. जाळी मात्र कधीही वापरायची नाही. जाळीला टेकलेले पिल्लू जगत नाही.

पहिला आठवडा

सकाळी मंद दिवा लावण्याआधीच टाकीत अन्न असावे लागते. पाण्यात शैवाल मिसळून ते फिकट हिरवे करतात आणि त्यात धुऊन घेतलेले रोटिफर सोडतात. हिरव्या पाण्याचे तीन फायदे आहेत. रोटिफर उपाशी राहत नाहीत, त्यामुळे पिल्लाच्या पोटात जाणारा रोटिफर भरलेला असतो. प्रकाश मवाळ होतो. आणि त्या पार्श्वभूमीवर पिल्लांना भक्ष्य चांगले दिसते. रोटिफर धुण्याचे कारण असे, की बादलीतले पाणी अमोनियाने भरलेले असते आणि ते जसेच्या तसे ओतले तर पिल्लांच्या टाकीत विष जाते.

भक्ष्याची दाटी दर मिलिलिटरला दहा-पंधरा रोटिफर अशी ठेवतात. हा आकडा मोठा वाटतो, पण पिल्लाची दृष्टी जेमतेम स्वतःच्या लांबीएवढ्या अंतरावर चालते आणि त्याला शोधाशोध करण्याइतके बळ नसते. भिंग लावून पाहिले तर त्याची शिकार दिसते. पिल्लू एका रोटिफरवर डोळे स्थिर करते, शेपूट वळवून अंग इंग्रजी एस अक्षरासारखे आखडते, क्षणभर तसेच थांबते आणि एकदम पुढे झेप घेते. पहिल्या दिवशी कितीतरी झेपा वाया जातात. पोट भरले की ते भिंगातून फुगलेले आणि हिरवट दिसते. पहिल्या दिवसाअखेर बहुतेक पोटे भरलेली दिसली, तर अर्धे काम झाले. ज्यांना पहिल्या एक-दीड दिवसात खायला सापडत नाही, ती तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत खाली जातात. नंतर कितीही अन्न दिले तरी उपयोग होत नाही.

या आठवड्यात दुसरा शत्रू अमोनिया. नव्या टाकीत अमोनियाचे विघटन करणारे जिवाणू नसतात, आणि पिल्ले, रोटिफर, मेलेले शैवाल सगळेच पाणी घाण करत असतात. समुद्री पाण्याचा सामू आठच्या वर असल्याने तोच अमोनिया अधिक घातक ठरतो. त्यावर तीन उपाय करतात. मोठ्या टाकीत आधीपासून मुरलेला लहान स्पंज फिल्टर आणून अगदी मंद चालवायचा. रोज तपासणी किटने अमोनिया पाहायचा. आणि तळ रोज उपसायचा. उपसण्यासाठी हवेची बारीक नळी एका काडीला बांधतात आणि तळावरून हळूहळू फिरवतात. निघालेले पाणी पांढऱ्या भांड्यात घेतात, कारण त्यात ओढली गेलेली पिल्ले पांढऱ्यावर दिसतात आणि ड्रॉपरने परत सोडता येतात. जितके पाणी काढले तितकेच, त्याच तापमानाचे पाणी नळीतून थेंब थेंब सोडतात. एकदम ओतलेले पाणी पिल्लांना मानवत नाही.

वीज जाणे हा तिसरा धोका. हवा बंद पडली तर दाट रोटिफर असलेल्या लहान टाकीत प्राणवायू लवकर संपतो. बॅटरीवर चालणारा लहान एअर पंप ही या कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू आहे.

रूपांतर

पाचव्या ते सातव्या दिवसापासून नुकती उबलेली आर्टेमिया थोडी थोडी देऊ लागतात. रोटिफर लगेच बंद करत नाहीत, कारण पिल्ले एकाच वेगाने वाढत नाहीत आणि मागे पडलेल्यांना अजून बारीक अन्नच हवे असते. आर्टेमिया देताना रिकामी कवचे टाकीत जाणार नाहीत याची फार काळजी घ्यावी लागते. ती पचत नाहीत आणि पिल्लांची आतडी तुंबतात. हवा बंद करून दहा मिनिटे थांबले की कवचे वर तरंगतात आणि जिवंत पिल्ले खाली, उजेडाच्या बाजूला जमतात. तिथून ती नळीने ओढून, गाळून, स्वच्छ पाण्याने धुऊन घेतात. काही जण उबवण्याआधीच ब्लीचच्या द्रावणात कवच विरघळवून टाकतात.

जन्मल्यावर काही तासांतच आर्टेमियाचा स्वतःचा पोषणसाठा ओसरू लागतो, आणि समुद्री माशांना आवश्यक असलेले डीएचए त्यात मुळातच अत्यल्प असते. नुसत्या आर्टेमियावर वाढलेली पिल्ले दिसायला ठीक असतात, पण नेमक्या रूपांतराच्या दिवसांत दिवा लागताच किंवा टाकीला धक्का बसताच ताठरतात, गरगरतात आणि तळाशी पडून मरतात. हे स्निग्धाम्लांच्या कमतरतेमुळे होते. म्हणून आर्टेमिया उबल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तिचे तोंड उघडल्यावर, तिला शैवाल किंवा स्निग्धाम्लांचे मिश्रण खाऊ घालून मगच पिल्लांना देतात. रोटिफरलाही देण्याआधी काही तास असेच पोसतात.

आठव्या ते बाराव्या दिवसांत पिल्लाचे रूप पालटते. अंगावर नारिंगी छटा येते, डोळ्यांमागे पहिला पांढरा पट्टा उमटतो, आणि वरच्या थरात भिरभिरणारा जीव खाली उतरून काचेच्या कोपऱ्याशी, फिल्टरच्या आडोशाला थांबू लागतो. प्रवाळावर घर शोधण्याची ही वेळ. या दोन-तीन दिवसांत पुन्हा एकदा मोठी घट होऊ शकते. जी यातून पार पडतात ती सहसा टिकतात. मधला पट्टा नंतर येतो, शेपटीजवळचा त्याहून उशिरा.

वाढ

रूपांतर झाल्यावर दिव्याचा प्रकाश आणि हवा हळूहळू वाढवतात आणि पिठासारखे बारीक कोरडे खाद्य जिवंत अन्नाबरोबर द्यायला लागतात. दोन-तीन आठवड्यांत पिल्ले ते सवयीने खातात आणि आर्टेमिया कमी करता येते. महिन्याच्या सुमाराला ती मुरलेल्या फिल्टरच्या मोठ्या टाकीत जातात. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खाणे आणि वारंवार थोडे पाणी बदलणे यावर त्यांची वाढ अवलंबून असते. सगळी एकत्र दाटीत ठेवली तर भांडणे वाटली जातात. मोजकीच ठेवली तर एकजण सर्वांना छळतो. मोठी आणि लहान वेगळी करत राहिले की मागे पडलेलीही वाढतात. चार ते सहा महिन्यांत ती दुसऱ्याच्या टाकीत जायला तयार होतात.

काही पिल्लांचे कल्ल्यांचे झाकण आखूड राहते, काहींचे पट्टे अर्धवट राहतात, काहींचा कणा वाकडा असतो. व्यंग असलेले मासे पुढच्या पैदाशीत वापरू नयेत आणि घेणाऱ्याला ते व्यंग सांगूनच द्यावेत. घरी वाढवलेला कोणताही मासा समुद्रात किंवा खाडीत सोडायचा नाही. त्याच्याबरोबर टाकीतले रोगही जातात.

क्लाऊनफिशवर हात बसला, की इतर जातींकडे वळता येते. इंडोनेशियातील बांगाई बेटांभोवतीचा कार्डिनल मासा नराच्या तोंडात अंडी आणि पिल्ले सांभाळतो. ती बाहेर पडतात तेव्हाच आर्टेमिया खाण्याइतकी मोठी असतात. त्याच्या नैसर्गिक संख्येवर मासेमारीचा मोठा ताण पडला आहे, म्हणून घरी वाढलेला बांगाई मासा विशेष मोलाचा. पाण्यात सुटी अंडी सोडणाऱ्या सर्जनफिशसारख्या जातींचे पिल्लू मात्र इतके बारीक असते, की रोटिफरही त्याच्या तोंडात मावत नाही. त्यांना कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांची पिल्ले लागतात. सर्जनफिशच्याच कुळातला पिवळा टँग हवाईत २०१५ साली आणि निळा टँग फ्लोरिडात २०१६ साली प्रथम बंदिस्त पाण्यात वाढवला गेला, आणि त्यामागे संस्थांची कित्येक वर्षांची मेहनत होती. भारतात समुद्रघोडे आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. हौशी पाळणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

समुद्री मत्स्यालयांसाठी विकले जाणारे बहुतेक मासे आजही प्रवाळावरून पकडून आणलेले असतात, आणि काही देशांत त्यासाठी सायनाइडही वापरले गेले आहे. घरच्या टाकीत वाढलेला प्रत्येक क्लाऊनफिश म्हणजे प्रवाळावरून न उचललेला एक मासा. तो माणसाच्या हातचे खातो, टाकीला सरावलेला असतो आणि जास्त टिकतो. एवढ्यासाठीसुद्धा हे काम करण्यासारखे आहे.

ज्याला ते करायचे आहे त्याने घाई करू नये. जोडी अंडी घालू लागली, तरी पहिल्या काही खेपांची अंडी नराकडेच राहू द्यावीत आणि तेवढ्या काळात रोटिफरची बादली चालवून पाहावी. ती महिनाभर न बसता चालली, रोजची काढणी चुकली नाही आणि शैवाल स्वच्छ राहिले, तर पुढच्या खेपेचे कौल उचलायला हरकत नाही.